पळसमाळचा अकरा वाजताचा ताप

पळसमाळच्या अंगणवाडीतल्या अकरा मुलांना रोज सकाळी अकरा वाजता ताप चढायचा आणि बाराच्या ठोक्याला उतरायचा.

ताप साधासुधा नव्हे. एकशे दोन, कधी एकशे तीन. तालुक्याच्या केंद्रातल्या पडद्यावर अकराच्या अकरा मुलांचे आकडे एकदम लाल व्हायचे आणि बारा वाजता काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा हिरवे. रविवारी ताप नाही. सणासुदीला नाही. सुट्ट्या पाळणारा ताप डॉक्टर सबनीसांनी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यात भर म्हणजे यंत्राने नोंदीखाली एक शेराही मारला होता : 'तापाच्या काळात मुले चालणे सोडून रांगतात.' चार-पाच वर्षांची धडधाकट पोरं ताप भरला की रांगायला लागतात म्हटल्यावर डॉक्टरांचं धाबंच दणाणलं. मेंदूचा काही आजार असला तर? ते रीतसर कळवून, रक्त तपासायची पेटी घेऊन पळसमाळला गेले. पोरं मजेत मटकीची उसळ खात बसली होती. घसे स्वच्छ, रक्त स्वच्छ. परत आल्यावर त्यांनी वृषाली खाडेला बोलावून घेतलं.

"मुलं ठणठणीत आहेत. आजारी आहे ते तुमचं यंत्र," ते म्हणाले. "जा आणि बघून या. आणि कळवून जाऊ नका. मी गेलो त्या दिवशी त्या सेविकाबाईंनी अंगणसुद्धा सारवून ठेवलं होतं."

वृषाली ही 'सांभाळ'ची तालुक्याची तंत्रज्ञ. माणदेशातल्या एकशे चार गावांतल्या मुलांना केंद्रात बोलावून त्यांचे पट्टे बांधणं, तपासणं, बदलणं हे तिचं काम, आणि या कामाचा तिला अभिमान होता.

सांभाळ म्हणजे चार पट्टे. दोन मनगटांना, दोन घोट्यांना. मूल वर्षाचं झालं की बांधायचे ते बारा पूर्ण होईपर्यंत. त्यामागचं विज्ञान तसं सरळ आहे. हात हलण्याआधी मेंदूकडून स्नायूला विजेचा निरोप येतो. निरोप पोचणं आणि हात खरोखर हलणं यात सेकंदाचा जेमतेम विसावा भाग जातो. माणसाला तो जाणवतही नाही, यंत्राला मात्र तेवढा वेळ रग्गड होतो. पट्टा निरोप वाचतो, आसपासची उष्णता, अंतर, उंची मोजतो, आणि हात तापल्या तव्याकडे निघालाय असं दिसलं की विरुद्ध बाजूच्या स्नायूला हलकीशी चालना देतो. हात जागच्या जागी थांबतो. दुखत नाही, भीती वाटत नाही. आपल्याला कोणी थांबवलं हेसुद्धा बहुतेक मुलांना कळत नाही. पाय घसरायच्या आत सावरतो, बोट चिमटायच्या आत मागे येतं. पट्टे आल्यापासून भाजण्याचे, बुडण्याचे, गच्चीवरून पडण्याचे प्रकार जवळजवळ थांबले होते. वृषालीचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना उकळत्या पाण्याच्या पातेल्यात पडला होता. तो वाचला, पण त्याचा उजवा हात आजही कोपरात सरळ होत नाही. त्यामुळे सांभाळविरुद्ध कोणी बोलायला लागलं की वृषालीच्या डोक्यात तिडीक जायची.

गेल्या महिन्यापासून मात्र तिची झोप उडाली होती. पट्टे बांधलेली पहिली मोठी तुकडी आता बारा वर्षांची होत होती आणि एकेकाचे पट्टे उतरत होते. शेजारच्या ईशानचे उतरले आणि तिसऱ्या दिवशी तो घराच्या पायऱ्यांवरून खाली आला तो हात मोडूनच. तेव्हापासून पोरगा पलंगावरून उतरायला तयार नाही. चहाचा कपसुद्धा आईने धरावा लागतो. असे तालुक्यात किती? सबनीस आकडा सांगायचे नाहीत. वृषालीची लेक जुई दोन महिन्यांनी बारा पूर्ण करणार होती. तिच्या अंगावर एकही व्रण नव्हता. याच गोष्टीचं वृषालीला इतकी वर्षं कौतुक वाटत आलं होतं, आणि आता तीच गोष्ट तिला सलायला लागली होती. जुईचे वडील सैन्यात, लडाखला. सांगायचं तरी कोणाला?

ती पळसमाळला पोचली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगणवाडीची खोली रिकामी. मागच्या बाजूला लिंबाच्या सावलीत अकरा शेळ्या ओळीने उभ्या होत्या. शेळ्या इतक्या गप्प उभ्या राहतात हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. शेजारी खाटेवर एक म्हातारबुवा पटका तोंडावर घेऊन पडले होते.

वृषाली जवळ गेली आणि तिने तोंडात बोटं घातली. प्रत्येक शेळीच्या चारही पायांना सांभाळचे निळे पट्टे होते.

"बाबा," ती म्हणाली, "हे काय आहे?"

म्हाताऱ्याने पटका बाजूला केला. हे बिरूनाना, शेळ्यांचे मालक. "शेरडं हायती," ते म्हणाले.

"ते दिसतंय मला. पायांत काय आहे त्यांच्या?"

"सरकारी पैंजनं." नानांनी एक जांभई दिली. "लई ग्वाड काम हाय बगा. येरवी ही जात घटकाभर दम धरत न्हाई, कुंपनावर उडी मारंल, नायतर कुनाच्या रानातलं कडवाळ खाईल. पैंजनं चढवली की तासभर साधू. मला बी जरा डोळा लावाय गावतो. कुनाची पैंजनं कुनाला, ह्ये पन ठरल्यालं हाय. स्वराची ह्या कबरीला, आन् विराजची त्या मोरीला. अदलाबदल झाली की बाई वरडत्यात."

वृषालीला हसावं की रडावं कळेना. शेळीचं अंग मुळातच माणसापेक्षा तीन-चार अंशांनी गरम. नाडी लहान मुलासारखीच. चार पायांवर चालणारं जनावर, म्हणून यंत्राला वाटलं पोरं रांगताहेत. पट्टे दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ निघाले आणि नाडी लागली नाही तर तालुक्याला घंटा वाजते. अंघोळीपुरती तेवढी सवलत. त्या घंटेला चकवायला कोणीतरी शेळ्या उभ्या केल्या होत्या, आणि मेंदूचा आजार म्हणून अख्खं केंद्र पंधरा दिवस हवालदिल झालं होतं.

"बाई कुठं आहेत तुमच्या?"

नानांनी हाताने ओढ्याकडे दाखवलं.

ओढ्याकाठी जे दिसलं ते पाहून वृषालीच्या काळजाचं पाणी झालं. उघड्या मनगटांची, उघड्या घोट्यांची अकरा पोरं मोकळी सुटली होती. एक पोरगी तीन दगडांच्या चुलीत काडी ओढून घालत होती. दोघं लिंबाच्या फांदीवर. एक चिमुरडा विळीवर काकडी चिरत होता, जीभ बाहेर काढून. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पदर खोचून, अंगणवाडी सेविका सुशीला पुकळे बसल्या होत्या. वय अठ्ठावन्न, हातात सुई, समोर एका पोराचा तळवा. त्या काटा काढत नव्हत्या. काटा पोरगाच काढत होता. त्या नुसत्या बघत होत्या.

तेवढ्यात बांधावरून पळणारी चारेक वर्षांची मुलगी सपशेल आपटली. वृषाली झेपावली, पण सुशाताईंनी बसल्या जागेवरून तिचं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"थांबा वाईच."

"अहो, रक्त आलंय तिला!"

"ईल की. रगतच हाय, पळून कुठं जातंय." मग त्या मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "स्वरे, कशी पडलीस गं?"

मुलगी उठली, गुडघ्याकडे पाहिलं, ओठ थरथरले. मग नाक ओढून ती सांगायला लागली. "मी पळत हुते, बाई. त्या ढेकळावर पाय दिला. ढेकूळ फुटलं."

"मग?"

"मग मी फुडं बघत हुते. खाली नव्हते बघत."

"आता काय करशील?"

"ढेकळावर पाय न्हाई देनार. दगडावर देनार."

"शाब्बास. जा, धुऊन ये गुडघा." आणि बाकीची सगळी पोरं हातातलं काम टाकून त्या फुटलेल्या ढेकळाभोवती गोळा झाली, एकेकाने पाय देऊन पाहिला. ही त्यांची रीत होती. जो पडेल त्याने पडण्याची हकीकत सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि करून बघायची.

वृषालीने आपलं ओळखपत्र दाखवलं. सुशाताईंनी ते दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं. घाबरल्या मात्र नाहीत.

"शेरडांनी घात केला म्हना," त्या म्हणाल्या. "ताप दिसंल ह्ये ध्यानातच आलं न्हाई बगा माझ्या. पट्टा नुस्ती नाडीच बगतू आसं वाटलं."

"ताई, हा गुन्हा आहे. तुमची नोकरी जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या."

"व्हय. म्हाईत हाय." सुशाताईंनी सुई पदराला टोचून ठेवली. "आता माझं बी ऐका. गेल्या साली आमच्या गावच्या पैल्या पोराचं पट्टं उतरिवलं. सरजेरावाचा थोरला. बारा वर्सांचं घोडं, आन् हा वडा वलांडता ईना त्येला. ह्यो वडा, मॅडम! पाच दगडं टाकल्याली हायती. त्यो मधल्या दगडावर हुबा ऱ्हायला आन् रडाय लागला. त्येच्या बापानं पाठंगुळी घिऊन आनला. मला कुनी शास्तर शिकिवल्यालं न्हाई, पन येवढं कळतंय. ज्याला कंदी पडू दिलं न्हाई, त्येला उठाय कुठनं येनार?"

वृषालीला ते शास्त्र शिकवलेलं होतं. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. प्रत्येक हालचालीआधी तो अंदाज बांधतो, पाय इतका पुढे पडेल, कप इतका जड लागेल. हालचाल झाली की अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करतो. दोन्हींत फरक पडला तरच तो शिकतो. चूक हेच त्याचं अन्न. सांभाळने मुलांना अपघातांपासून वाचवताना त्यांच्या लहान मेंदूला अकरा वर्षं उपाशी ठेवलं होतं. ही शिकण्याची भूक पाच-सहा वर्षांच्या वयात जबर असते, पुढे मंदावत जाते. हे तिने प्रशिक्षणातच वाचलं होतं. पण त्यात जुई असेल असं तिने कधी वाचलं नव्हतं.

"आन् म्या कुठं म्हन्ते पट्टं फेकून द्या?" सुशाताई म्हणाल्या. "आवं, पट्ट्यानं लेकरं वाचल्याती, मी काय आंधळी न्हाई. तेवीस तास तुमचं ऱ्हाऊ द्या. मला येक तास द्या. पाऊण बी चालंल."

"मला अहवाल द्यावा लागेल. शनिवारपर्यंत."

"द्या की. खरं त्येच लिव्हा." त्यांनी वृषालीच्या चेहऱ्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. "घरात लेकरू हाय न्हवं? केवढं?"

वृषालीने जुईचं वय सांगितलं. सुशाताईंनी नुसती मान हलवली.

"उशीर झालाया," त्या म्हणाल्या. "पन गाडी सुटल्याली न्हाई. रविवारी घिऊन या तिला."

वृषाली निघाली. रस्ताभर तिने मनातल्या मनात तीन अहवाल लिहिले, तिन्ही खरे. शनिवारी मात्र केंद्रात बसून तिने चौथाच लिहिला : 'पट्ट्यांच्या तापमापनात दोष आढळला. दुरुस्त केला.' आणि खरोखरच तिने पळसमाळच्या पट्ट्यांतून अकरा ते बारा या वेळात साडेतीन अंश वजा केले, रांगण्याची नोंदही बंद करून टाकली. शेळ्यांचा ताप उतरला. सबनीसांनी सुटकेचा निःश्वास टाकून तिची पाठ थोपटली, तेव्हा तिला ओशाळल्यासारखं झालं. आयुष्यात एवढं धडधडीत खोटं तिने कधी लिहिलं नव्हतं.

रविवारी तिने जुईच्या पट्ट्यांतही दिवसभरापुरता तोच बदल केला आणि तिला स्कूटरवर बसवून पळसमाळला आणलं. सुट्टीचा दिवस असूनही सुशाताई आल्या होत्या, चार-पाच पोरं हजर होती आणि जुईपुरती एक शेळी सज्ज होती. पट्टे निघाल्यावर जुई आपल्या मनगटांकडे बघतच राहिली. तिथली कातडी बाकी अंगापेक्षा पांढरी होती.

अंगणवाडीच्या ओट्याला दोन पायऱ्या. फक्त दोन. जुई वरच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने खाली पाहिलं. पाय उचलेना. तिला भीती वाटत नव्हती, असं तिने नंतर सांगितलं. पाय कुठे पडेल तेच कळत नव्हतं. वृषाली पुढे धावली. दोन्ही हात पसरून तिने जुईच्या कमरेला धरलं.

"बाजूला व्हा," सुशाताई म्हणाल्या.

"पडेल ना ती!"

"आवं, चार पट्टं काडलं, आन् पाचवा तुमी ऱ्हायला की! सुटा आता तुमी बी. त्या तिकडं खाटंवर बसा, नाना शेंगा देत्यात त्या फोडा. आन् इकडं पाठ करून बसा."

वृषालीला राग आला. सरकारी कर्मचाऱ्याला शेंगा फोडायला बसवणारी ही कोण? पण ती गेली आणि पाठ करून बसली. हातात शेंगा होत्या आणि कान मागे लागले होते. तिला ऐकू आलं ते एवढंच. सुशाताई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलली ती साडेतीन वर्षांची कोणीतरी चिमुरडी.

"अगं, उलटी हो ना. अशी. पायरीकडं तोंड कर, हात टेक. आता पाय खाली सोड. सोड अजून. लागली का जमीन?"

"लागली," जुईचा आवाज आला.

वृषालीने शेंगेऐवजी स्वतःचं बोट चावलं. नानांनी दुसरीकडे पाहिलं.

पुढचे आठ रविवार असेच गेले. जुई शिकत होती, पण हळूहळू, अडखळत. जे स्वराला दोनदा पडून जमलं ते जुईला दहादा पडून जमलं. गुडघे सोलले, कोपरं सोलली. पहिल्यांदा काडी ओढताना बोट भाजलं तेव्हा ती रडायच्या आधी नवलाने त्या फोडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हे एवढं दुखतं?" तिसऱ्या रविवारी ओढ्यातल्या दुसऱ्या दगडावरून ती पाण्यात बसली, ती हट्टाने दिवसभर पाण्यातच राहिली. पाचव्या रविवारी पाचही दगड ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून हात हलवायचंही विसरली, कारण पलीकडच्या बाभळीवर तिला घरटं दिसलं होतं. सुशाताई तिला फक्त अंगाची कामं शिकवत नव्हत्या. अनोळखी माणसाला रस्ता कसा विचारायचा, नको असेल तेव्हा 'नको' कसं म्हणायचं, हरवलं तर कोणाकडे जायचं, हेही दर वेळी थोडं थोडं करून घ्यायच्या. पट्ट्यात वाढलेल्या पोरांना विचारायची सवयच नसते, त्यांना वाटतं कोणीतरी आपोआप सांभाळेल.

वृषाली आठही रविवार शेंगा फोडत बसली. चौथ्या रविवारपासून तिने पाठ केली नाही तरी चालेल असं सुशाताईंनी सांगितलं. तिच्या दृष्टीने ही बढतीच होती.

जुईला बारा पूर्ण झाली त्या दिवशी केंद्रात तालुक्यातली आणखी सव्वीस मुलं आली होती. एकेकाचे पट्टे उतरवायचे, मग त्याने चार पायऱ्या उतरायच्या, टेबलावरच्या किटलीतून ग्लासात गरम पाणी ओतायचं आणि दारापर्यंत चालत जायचं. एवढीच चाचणी. वृषालीच्या डोळ्यांदेखत मुलं पायऱ्यांवर थिजत होती. आया हात पसरून उभ्या होत्या. तिसऱ्या मुलाने किटली सोडून दिली. आठवी मुलगी पायरीवर बसली ती उठेचना.

जुईची पाळी आली. ती पायऱ्या उतरली. सरळ उतरली, कठड्याला हात लावून, घाई न करता. पाणी ओतताना थोडं सांडलं. तिने हात मागे घेतला, ग्लास सरकवला, फडक्याने टेबल पुसलं आणि मग दाराकडे न जाता मागे वळली. पायरीवर बसलेल्या त्या मुलीपाशी जाऊन ती उकिडवी बसली.

"उलटी हो," जुई म्हणाली. "मी पण आधी उलटीच उतरायचे. खाली बघायचं नाही, पायाला शोधू द्यायचं."

सबनीस खुर्चीतून उठून आले. "वृषाली, हे हिला कुणी शिकवलं?"

'नशीब' म्हणून वेळ मारून नेता आली असती. 'मीच शिकवलं' असंही म्हणता आलं असतं. खरं सांगितलं तर वृषालीची नोकरी जाणार होती, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण सुशाताईंची? आणि पळसमाळच्या मुलांच्या पट्ट्यांना कायमची कुलपं बसली असती, तो एक तासही गेला असता. तिने समोर पाहिलं. सव्वीस आया तिच्याकडे बघत होत्या. दोन महिन्यांपूर्वी तीही अशाच नजरेने कोणाकडे तरी बघत होती.

"एक फोन करू का, सर?" ती म्हणाली आणि व्हरांड्यात गेली.

"ताई, इथं विचारताहेत. तुमचं नाव सांगू का?"

पलीकडून पोरांचा कालवा ऐकू येत होता. "किती लेकरं हायती तितं?" सुशाताईंनी विचारलं.

"सव्वीस."

"मग मला काय इचारतीस, पोरी?" आणि फोन बंद झाला.

वृषालीने आत येऊन सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. शेळ्या, नाना, ओढा, स्वतःचा खोटा अहवाल, काही म्हणता काही झाकलं नाही. सबनीसांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी शेळ्यांसाठी जिल्ह्याहून मेंदूरोगतज्ज्ञ मागवला होता?" ते ओरडले. कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, आणि सकाळपासून रडकुंडीला आलेलं ते सगळं केंद्र हसायला लागलं. सबनीस मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी दोघींच्या निलंबनाची शिफारस केली, आणि त्याच कागदाच्या खाली हेही लिहिलं की पळसमाळच्या अकरा मुलांची आणि वृषालीच्या मुलीची तपासणी व्हावी, कारण बारा वर्षांच्या मुलांवर दुसरा कोणताही उपाय आपल्या पाहण्यात नाही.

रविवारी ओढ्याकाठी एकोणीस घरं आपापली मुलं घेऊन आली. वृषाली सुशाताईंच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला वरचेवर धरलं.

"ताई, तुमचे उपकार मी कुठल्या जन्मी..."

"उपकार मागनं बघू," सुशाताई म्हणाल्या. "आदी त्या एकोनीस आया आवर. त्या पोरांच्या फुडं फुडं पळत्यात. तू पाचवा पट्टा हुतीस, तुला म्हाईत हाय कसा सोडवायचा त्यो."

वृषालीने नानांकडून शेंगांचं पोतं मागवून घेतलं.

निलंबन साडेतीन महिने चाललं. चौकशीला आलेल्या समितीने पोरांची तपासणी केली, ओढा पाहिला, नानांशी दोन तास गप्पा मारल्या आणि शेवटी मोठ्या नाखुशीने त्या एका तालुक्यापुरता, एका वर्षासाठी, 'रोज एक तास पट्ट्याविना' असा प्रयोग मंजूर केला. त्या तासाला काय शिकवायचं याची यादी करायला सुशाताईंना बोलावलं होतं. त्यांनी यादी करायचं नाकारलं. म्हणाल्या, लेकरू कशात पडतं ते बघा, तीच यादी. दोघींना कामावर परत घेतलं, पण वृषालीची पगारवाढ रोखून. तिने त्यावर आनंदाने सही केली.

त्यानंतरच्या एका रविवारी वृषालीला प्रशिक्षणासाठी साताऱ्याला जायचं होतं आणि जुई म्हणाली, "मी एसटीने जाईन पळसमाळला. एकटी." वृषालीच्या तोंडावर 'नाही'च आलं होतं. पण तिने हो म्हटलं. स्टँडवर गाडी सुटेपर्यंत ती खांबाला टेकून उभी राहिली आणि गाडी वळणाआड गेल्यावर साताऱ्याला जायचं सोडून घरी आली. प्रशिक्षणवाल्यांना कळवलं, बरं वाटत नाही म्हणून. ते काही अगदी खोटं नव्हतं. सकाळी पोहे केले होते, ते तसेच कढईत राहिले.

बाराला फोन वाजला. सुशाताई होत्या.

"पोचली गं," त्या म्हणाल्या. "आन् कशी पोचली ते ऐक. डायवरनं फाट्यावर गाडी थांबिवलीच न्हाई. तुझी लेक जागेवरनं उठली, दांडी धरून फुडं गेली आन् कंडक्टरला म्हनाली, 'मामा, माझं तिकीट पळसमाळ फाट्याचं आहे, गाडी थांबवा.' त्यो म्हनला, फुडच्या गावाला उतर. ही म्हनली, 'नको. हितंच उतरणार.' आक्खी गाडी हिच्या बाजूनं झाली. थांबिवली त्येनं. चालत आली फाट्यापास्नं. घामाघूम झालीया, पन काय ऐट हाय!"

मग त्यांनी फोन जुईकडे दिला.

"आई," जुई म्हणाली. मागे कोणीतरी पोरगं पडल्याचा आणि लगेच हकीकत सांगायला लागल्याचा आवाज येत होता. "तू साताऱ्याला पोचलीस का?"

"नाही गं. घरीच आहे."

अगदी सुशाताईंसारखं, न ओरडता, न घाई करता जुईने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नसशील ना तू?"

"नाही."

"मग खा आधी. मी पाचच्या गाडीने येते. आणि स्टँडवर येऊन उभी राहू नकोस."

वृषालीने फोन ठेवला, डोळे पुसले आणि पोहे गरम करायला गॅस पेटवला. खाता खाता तिला भावाची, नानांच्या शेळ्यांची, त्या अठ्ठावन्न वर्षांच्या घट्ट पकडीच्या हाताची आठवण येत राहिली, आणि प्रत्येक घासाला तिने मनातल्या मनात कोणाचे ना कोणाचे आभार मानले. मग ताट धुऊन ती खिडकीशी बसली. पाच वाजेपर्यंत तिथेच बसायचं, स्टँडवर जायचं नाही, हे तिला आता शिकायचं होतं.